वीकएण्ड वर्कशॉप : आधी खिडकी, मग टॉर्च

काचेचे मणी घरच्या घरी बनवण्याचा छंद एकदम हटके आहे. पण बेडरूमच्या कोपऱ्यात ज्योत पेटवण्याआधी हवेचा हिशोब मांडलाय का?

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटशी कुस्ती खेळली की शनिवारी हाताला काहीतरी खरंखुरं काम हवंसं वाटतं. कुणी पॉटरीच्या क्लासला जातं, कुणी ब्रेड भाजतं, कुणी बाल्कनीत टोमॅटो लावतं. यातलाच एक जाम आकर्षक प्रकार म्हणजे टॉर्चवर काच वितळवून मणी आणि पेंडंट बनवणं. याला म्हणतात लॅम्पवर्किंग. रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरायची. थोड्या वेळात तिचं टोक मधासारखं लोंबायला लागतं. ते स्टीलच्या बारीक सळीवर गोल गोल गुंडाळायचं, वर दुसऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे, आणि तयार झालेला मणी छोट्या भट्टीत हळूहळू थंड होऊ द्यायचा. दिवसभराच्या मीटिंगमध्ये जे समाधान मिळत नाही ते या एका मण्यात मिळतं, हे अगदी मान्य.

अडचण एकच आहे. हे सगळं आपण शिकतो व्हिडिओ बघून. व्हिडिओच्या फ्रेममध्ये मणी दिसतो, हात दिसतात, निळी ज्योत दिसते. फ्रेमच्या बाहेर असलेला हूड, त्याला जोडलेला पत्र्याचा पाइप आणि भिंतीपलीकडे गरगरणारा पंखा काही दिसत नाही. मग आपण टॉर्च मागवतो, कांड्या मागवतो, गॉगल मागवतो आणि टेबल मांडतो बेडरूममध्ये. वर स्वतःला समजावतो, ‘खिडकी उघडी ठेवू की!’

मंडळी, आजचा सगळा कॉलम या एका वाक्यासाठी आहे. खिडकी उघडी ठेवणं पुरेसं नाही. का नाही, आणि मग पुरेसं काय, ते बघू या.

जुनी गोष्ट, जुनीच चूक

काच आणि वस्ती यांचं भांडण फार जुनं आहे. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ मध्ये शहरातल्या काचेच्या भट्ट्या उचलून शेजारच्या मुरानो बेटावर पाठवल्या. कारण साधं होतं. लाकडी घरं, दाट वस्ती आणि आगीची भीती. दिव्याच्या ज्योतीवर मणी वळण्याचं बारीक काम मात्र घरगुतीच राहिलं. तेलाचा दिवा, पायानं दाबायचा भाता आणि काचेची कांडी, एवढ्यावर ते भागायचं. ‘लॅम्पवर्क’ हे नाव तिथूनच आलं. भट्टी मोठी म्हणून ती धोक्याची आणि ज्योत छोटी म्हणून ती बिनधोक, हा समज तेव्हापासूनचा.

आपल्याकडे हेच चित्र बघायचं तर उत्तर प्रदेशात फिरोजाबादला जावं लागेल. आपल्या आया-मावश्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या बहुतेक तिथल्याच. कारखान्यात काचेची गुंडाळी बनते, तिचे तुकडे पडतात, पण त्यांची टोकं जुळवण्याचं काम, ज्याला तिथे ‘जुडाई’ म्हणतात, ते वर्षानुवर्षं घराघरांतून चालत आलंय. लहानशी खोली, समोर ज्योत, तिच्यासमोर तासन् तास बसलेल्या बायका आणि बरोबर मुलंसुद्धा. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद. म्हणजे उकाडा आणि धूर दोन्ही आतच. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ताजमहाल वाचवण्यासाठी आसपासच्या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळायला लावलं. त्यात फिरोजाबादचे काच कारखानेही आले. ताजमहालाच्या संगमरवराला चांगली हवा मिळावी म्हणून देशातलं सर्वोच्च न्यायालय उभं राहिलं. घरातल्या ज्योतीसमोर बसलेल्या बाईच्या फुफ्फुसांची केस मात्र तशी कुणी लढवली नाही.

तिच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. आपण हौसेनं बसणार आहोत. त्यामुळे आपल्याकडे सबब नाही.

धूर दिसत नाही, हीच तर गोची

कांदाभजी तळताना घरभर वास सुटतो, डोळे चुरचुरतात, आपण आपोआप चिमणी लावतो. टॉर्चची ज्योत अशी सूचना देत नाही. ती स्वच्छ, निळी, सुबक दिसते. पण तिच्यातून चार गोष्टी खोलीत येतात.

पहिली, कार्बन मोनॉक्साइड. गॅस पुरता जळला नाही की हा तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. आठवडाभर ऑफिस करून थकलेल्या माणसाला यात काहीच वेगळं वाटत नाही. ‘आज जरा जास्तच दमलो’ असं म्हणून तो तिथेच बसून राहतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यातला गुन्हेगार हाच. एक खूण लक्षात ठेवा. काम करताना डोकं दुखतं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, असं दोनदा झालं तर डोळ्यांच्या नंबराला दोष देऊ नका.

दुसरी, नायट्रोजन डायऑक्साइड. हा गॅसमधून येत नाही, आपल्याच हवेतून तयार होतो. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं राहतात, पण तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्यांची जोडी जमायला लागते. प्रोपेन आणि ऑक्सिजनची ज्योत जाते २८०० अंशांच्या आसपास. म्हणजे ज्योत जेवढी मोठी आणि कडक, तेवढा हा वायू जास्त. हा पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाका-घशात लगेच झोंबत नाही. सरळ फुफ्फुसात खोल जातो. जास्त प्रमाणात गेला तर त्रास काही तासांनी सुरू होतो. संध्याकाळी ठणठणीत असलेला माणूस रात्री धाप लागून उठू शकतो. कमी प्रमाणात रोज गेला तर दमा असलेल्यांचे हाल वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये बाहेरच्या आणि घरातल्या हवेसाठी सुचवलेली २४ तासांची मर्यादा आहे घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकात ती ८० आहे. दोन्ही आकडे किती इवलेसे आहेत ते बघा. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम.

तिसरी, धातू आणि धूळ. काचेला रंग येतो तो धातूंमुळे. झगझगीत लाल, नारिंगी, पिवळ्या काचेत बऱ्याचदा कॅडमियम असतं. काही काचांत आणि इनॅमलच्या पुडीत शिसं असतं. काही जण मण्यावर चांदीची वाफ चढवतात, म्हणजे चांदी ज्योतीत धरून तिचा धूर काचेवर बसवायचा. जो धूर काचेवर बसतो तो नाकातही बसतो. सळीवर मणी चिकटू नये म्हणून जो लेप लावतात, त्याची वाळलेली पूड मणी काढताना उडते. ही पूड कोरडी खरवडायची नाही, पाण्यात बुडवून काढायची. आणखी एक देशी जुगाड ऐकू येतो. सरावाला फुटक्या बांगड्या आणि बाटल्या वितळवायच्या. स्वस्तात मस्त वाटतं, पण त्या काचेत काय घातलंय ते बांगडीवर लिहिलेलं नसतं. सराव करायचा तर ज्याचा घटक माहीत आहे तीच काच घ्या. आणि जस्ताचा मुलामा असलेली तार किंवा सळी ज्योतीत कधीच नको. त्या जस्ताचा धूर अंगात गेला की थंडीताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो.

चौथी, न जळलेला गॅस. त्याबद्दल पुढे सिलिंडरपाशी बोलू.

चार गोड गैरसमज

एसी आहे ना! नाही. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. उलट एसीसाठी आपण दारं-खिडक्या घट्ट बंद करतो. म्हणजे मोनॉक्साइड तोच, फक्त थंडगार.

एन-९५ लावतो ना! करोनानं आपल्या सगळ्यांच्या कपाटात एक डबा मास्क ठेवून दिलेत. एन-९५ कण अडवतो. काचेची पूड, लेपाची धूळ, यासाठी तो जरूर लावा. पण वायू त्यातून आरामात जातात. कार्बन मोनॉक्साइड तर साध्या फिल्टरच्या कुठल्याच मास्कला दाद देत नाही.

एअर प्युरिफायर? त्याचा हेपा फिल्टरही कणांसाठीच. हीच गोष्ट स्वयंपाकघरातल्या बिनपाइपच्या चिमणीची. कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून ती पुन्हा खोलीतच सोडते. वास कमी होतो, मोनॉक्साइड नाही. वास गेल्यामुळे आपण जास्तच निर्धास्त होतो, हा वर बोनस.

ऑक्सिमीटर लावून बघू? २०२० नंतर घरोघरी आलेलं हे यंत्र इथे चक्क फसवतं. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रंगावरून अंदाज बांधतो आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुंगीत आणि स्क्रीनवर ९८, असं होऊ शकतं. आकडा बघून थांबू नका, लक्षण बघून बाहेर पडा.

फुंकर आणि श्वास

आता मुद्द्यावर. पंखा कुठे लावायचा?

एक सोपा प्रयोग करा. हातभर अंतरावर मेणबत्ती ठेवा आणि फुंकर मारा. विझते. आता तेवढ्याच अंतरावरून जोरात श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. शक्यच नाही! फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली हवा मात्र तोंडाच्या अगदी जवळूनच येते. एक्झॉस्ट फॅनचंही असंच आहे. पाइपच्या तोंडापासून त्या तोंडाच्या रुंदीएवढं अंतर लांब गेलात की ओढण्याचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे नऊ इंची तोंडापुढे नऊ इंचांवरच खेळ जवळपास संपला.

म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीवर उंच लावलेला पंखा तुमच्या ज्योतीच्या धुराला पकडू शकत नाही. तो धूर आधी खोलीभर पसरतो, तुमच्या नाकासमोरून जातो आणि मग उरलासुरला पंख्याकडे पोचतो. धूर जन्मतो तिथेच त्याला पकडायचा तर पंख्याला हूड हवा. टेबलाच्या मागच्या बाजूला, ज्योतीच्या मागे आणि वर, तीन बाजूंनी बंद असा पत्र्याचा खोका. टॉर्चचं तोंड त्या खोक्याकडे. धूर तुमच्यापासून लांब, मागे आणि वर जायला हवा. स्वयंपाकघरातल्या चिमणीसारखा हूड थेट डोक्यावर टांगलात आणि तुम्ही मणी बघायला पुढे वाकलात तर तुमचं नाक बरोबर धुराच्या वाटेत येतं. मधमाशी जशी फुलात डोकं घालते, तसं आपण धुरात डोकं घालतो.

आता थोडं गणित, घाबरू नका. हूडच्या उघड्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा. त्याला १२५ नं गुणा. येणारा आकडा म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा ओढायला हवी तो. याला सीएफएम म्हणतात. समजा हूडचं तोंड दोन फूट बाय दोन फूट. क्षेत्रफळ चार, गुणिले १२५, म्हणजे ५०० सीएफएम. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत एकूण १०८० घनफूट हवा असते. ५०० च्या हिशोबानं ती साधारण दोन-सव्वादोन मिनिटांत पूर्ण बदलेल. हूड मोठा केलात तर पंखाही मोठा लागेल, हे विसरू नका. म्हणून हूड कामापुरता लहान आणि बाजूंनी बंद ठेवणं शहाणपणाचं.

आपल्या बाजारात चिमणीच्या खोक्यावर आकडा असतो तासाला घनमीटरमध्ये. एक सीएफएम म्हणजे तासाला साधारण १.७ घनमीटर. म्हणजे ५०० सीएफएमसाठी ८५० हवेत. ‘अरे वा, आमची चिमणी तर १२०० ची आहे!’ थांबा. खोक्यावरचा आकडा हा कमाल आकडा असतो. पुढे पाइप जोडला, त्याला दोन कोपरे आले, मध्ये तेलकट जाळी बसली की प्रत्यक्ष हवा बरीच कमी होते. पाइप जितका आखूड, सरळ, रुंद आणि आतून गुळगुळीत तितकं चांगलं. वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप दिसायला सोयीचा, पण हवेला तो घाट चढायला लावतो. प्लॅस्टिकचा तर नकोच. साधा पात्यांचा पंखा लांब पाइपपुढे दम टाकतो. पाइप लांब असेल तर ब्लोअर घ्या.

गेली तेवढी आली पाहिजे

इथे भले भले इंजिनिअर गडबडतात. खोलीतून मिनिटाला ५०० घनफूट हवा बाहेर गेली तर तेवढीच आत यायलाही हवी. दार लावून, खिडकी बंद करून पंखा सुरू केलात तर तो नुसता आवाज करतो. कोक संपलेल्या बाटलीतून स्ट्रॉनं ओढल्यासारखं.

आत येणारी हवा तुमच्या पाठीमागून यावी. पाठीवरून पुढे, हातांवरून ज्योतीकडे, ज्योतीवरून हूडमध्ये आणि तिथून बाहेर. अशी एक सरळ वाट. आपल्या फ्लॅटमध्ये एक खास अडचण आहे. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. अर्ध्या भागात प्लायवूड लावून पंखा बसवला आणि त्याच खिडकीची उरलेली फट ‘ताज्या हवेसाठी’ ठेवली, तर बाहेर टाकलेला धूर त्याच फटीतून पुन्हा आत येतो. हवा येण्याची आणि जाण्याची जागा वेगळ्या बाजूंना हवी. छताचा पंखा बंद. तो हूडची सगळी शिस्त मोडतो.

दुसरी अडचण बिल्डिंगची. बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या अरुंद डक्टमध्ये पाइप सोडायचा मोह होतो. सोडू नका. तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये जाईल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे ऐकावं लागेल ते वेगळंच, पण खरा प्रश्न आहे तो त्यांच्या घरातल्या बाळाचा. पाइपचं तोंड मोकळ्या हवेत, कुणाच्याही खिडकीपासून लांब.

तिसरी अडचण सगळ्यात छुपी. घरात गॅस गीझर असेल आणि तुमच्या जोरदार पंख्याला हवा कमी पडली, तर तो ती जिथून मिळेल तिथून ओढतो. बाथरूममधून, गीझरच्या धुरासकट. टॉर्च चालू असताना गीझर बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दहा रुपयांची टेस्ट

सगळं बसवून झालं की देव्हाऱ्यातली उदबत्ती आणा. टॉर्च बंद, पंखा चालू. तुमच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या पोझमध्ये बसा. जिथे ज्योत असणार तिथे उदबत्ती धरा आणि धूर बघा. तो सरळ हूडमध्ये गेला तर शाबास. घुटमळला, तुमच्या तोंडाकडे वळला किंवा हूडच्या कडेवरून बाहेर सांडला, तर पंखा कमी पडतोय किंवा आत येणारी हवा. मग उदबत्ती टॉर्चच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीच्या खाली धरून बघा. खोलीचं दार बंद करून एकदा, उघडं ठेवून एकदा. ही टेस्ट फक्त पहिल्या दिवशी करून भागत नाही. पावसाळ्यात वारा बदलतो, जाळीत धूळ बसते. दर महिन्याला एक उदबत्ती खर्च करा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकी मानकाचा अलार्म हवेत ७० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ७० भाग मोनॉक्साइड असेल तर एक ते चार तासांनी वाजतो. ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. थोडक्यात, तो जीव वाचवण्यासाठी आहे, डोकेदुखी वाचवण्यासाठी नाही. कामाच्या जागी आठ-दहा तासांच्या सरासरीसाठी अमेरिकेतली संशोधन संस्था नायोश सुचवते ती मर्यादा ३५ पीपीएम आहे. म्हणून स्क्रीनवर कमी आकडेही दाखवणारा मीटर असेल तर उत्तम. तो ठेवायचा खुर्चीजवळ, नाकाच्या उंचीवर. कपाटावर नव्हे. आणि हो, हा अलार्म नायट्रोजन डायऑक्साइड ओळखत नाही. त्याच्यावर उपाय एकच, चांगला हूड.

सिलिंडरशी दोस्ती, पण अंतर ठेवून

आपल्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. दोन्ही हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. गळती झाली की गॅस जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, टेबलाखाली साचतो. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे वर लावलेला एक्झॉस्ट एलपीजीची गळती उपसत नाही. सिलिंडर काम करण्याच्या खोलीत नको. मोकळ्या, हवेशीर जागी, उभा, आणि खालच्या पातळीवर खड्डा किंवा गटार नसेल तिथे. घरगुती सिलिंडर आपल्याला स्वयंपाकासाठी मिळालेला असतो आणि घरातल्या पाइपच्या गॅसची जोडणी आपण स्वतः छेडायची नसते. वितरकाशी बोलून रीतसर मार्ग काढा. टॉर्चला लागेल त्या दाबाचा रेग्युलेटर, गॅसला योग्य नळी आणि ज्योत मागे धावू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर, यात काटकसर नको. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून कधीच नाही.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातही नाही. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल स्वतःहून पेट घेऊ शकतं. २०२१ च्या लाटेत घरोघरी आलेले कॉन्सन्ट्रेटर आता कोपऱ्यात पडून आहेत आणि काही जण तेच टॉर्चला जोडतात. जोडलात तर तो पडद्याआड, कपाटात कोंबू नका. त्याला स्वच्छ हवा ओढता आली पाहिजे. आणि कपड्यात ऑक्सिजन साठला तर साधी ठिणगीही भडकते, म्हणून सैल ओढणी, सिंथेटिक टी-शर्ट त्या दिवशी कपाटातच.

फ्रिजवर चिकटवा

* पंखा आधी, ज्योत नंतर. काम संपल्यावरही पंखा १५ मिनिटं चालू.
* मणी बघायला थांबलात तर ज्योत बंद करा. रिकामी जळणारी ज्योतही तेवढाच धूर करते.
* खोलीत खाणंपिणं नाही. हात धुऊनच मोबाइल.
* झाडू नाही, ओलं फडकं. काचेची धूळ उडवायची नसते.
* गरोदर बाई, लहान मूल, दम्याचा पेशंट त्या खोलीत नको. शक्यतो त्या खोलीत कुणाची झोपही नको.
* एकटे घरात असताना काम नको. निदान कुणाला तरी माहीत असू द्या.
* डोकं दुखलं, मळमळलं की ज्योत बंद, सिलिंडर बंद आणि सगळे बाहेर. बरं वाटलं नाही तर हॉस्पिटल, आणि तिथे ‘मोनॉक्साइड असू शकतो’ हे शब्द आठवणीनं सांगा. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, हॉस्पिटलमधल्या शुद्ध ऑक्सिजनवर हे बरंच लवकर होतं.
* कामानंतर काही तासांनी खोकला, धाप लागली तरी हाच नियम. ‘सकाळी बघू’ नाही.
* गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करा.

मग करायचं की नाही?

जरूर करायचं. पण खरेदीची यादी उलटी करा. बहुतेक जण टॉर्चपासून सुरुवात करतात आणि पैसे संपले की एक्झॉस्ट ‘पुढच्या महिन्यात’ जातो. तो पुढचा महिना येत नाही, हे आपल्या सगळ्यांना जिमच्या मेंबरशिपवरून माहीत आहे. पहिला खर्च हूड, पाइप आणि पंखा. दुसरा अलार्म आणि अग्निशामक. तिसरा सोडियमचा पिवळा झगमगाट अडवणारा डिडिमियमचा गॉगल. चौथा टॉर्च. काचेच्या कांड्या सगळ्यात शेवटी. त्यांचे रंग बघितले की आपला कंट्रोल जातो.

भाड्याच्या वन बीएचकेमध्ये भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, झोपायची आणि कामाची खोली एकच आहे, घरात आजी दम्याचा पंप घेऊन बसतात. अशी तुमची केस असेल तर उत्तर सरळ आहे. घरी नको. गावाकडच्या घराची तिन्ही बाजूंनी मोकळी पडवी, मित्राच्या बंगल्यामागची शेड, किंवा नीट एक्झॉस्ट असलेला एखादा स्टुडिओ तासावर मिळाला तर तो, यातलं काही शोधा. तोवर कागदावर डिझाइन काढा. हौस कुठे पळून जात नाही.

आणि पहिला मणी बनला की तो कानात, गळ्यात मिरवायच्या आधी एकदा फिरोजाबादच्या त्या खोलीची आठवण काढा. पुढच्या वेळी बांगड्यांचा डझन घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करायची जीभ उचलणार नाही. ज्योतीसमोर बसून बघितल्याशिवाय हे कळत नाही.